भुलग्याचा टाइम स्टडी

पिंपरीच्या एका कारखान्यात मी टाइम स्टडी करायचो. म्हणजे दुसरा माणूस राबत असताना त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि एक नग करायला त्याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं; त्यावरून त्याने रोज किती नग काढायचे ते ठरायचं. असल्या माणसाला कोण प्रेमाने चहा पाजणार? मी शॉपमध्ये शिरलो की पहिल्या लेथपासून शेवटच्या प्रेसपर्यंत खबर पोचायची आणि सगळ्यांचे हात एकदम जड व्हायचे. निघोज्याहून सायकलने येणारा एक टर्नर तर तोंडावर सांगायचा, "तुमी गेल्यावर बघा राव, कसा हात चालतो. आत्ता न्हाई." मला भयंकर राग यायचा. आकडा खोटं बोलत नाही, हे मी घरीदारी सगळ्यांना ऐकवत असे.

त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धाकट्या बहिणीने मला भुलगे मोजायला बोलावलं तेव्हा वाटलं, चला, कुणाला तरी आपली किंमत कळली. ती पुण्यात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. भुलगा म्हणजे डॉल्फिनचा ठेंगणा, लाजाळू चुलतभाऊ. पाठीवर पंख नाही, चोच नाही, उड्या मारणं तर नाहीच. कोकणात खाडीच्या तोंडाशी येतो, श्वासापुरता वर होतो आणि गडप. दोन श्वासांच्या मध्ये तो पाण्याखाली किती वेळ राहतो, आणि इंजिनाच्या होड्या जवळ आल्या की त्यात फरक पडतो का, एवढंच तिला शोधायचं होतं. पण आधीचा हंगाम वाया गेला होता. दुर्बिणीतून बघायचं, मोजायचं आणि लिहायचंही, हे एकटीला जमेना. तिच्या मार्गदर्शकांनी निक्षून सांगितलं होतं, या हंगामात आकडे आणा, नाहीतर विषय बदला. विषय बदलला असता तर तिची तीन वर्षं पाण्यात गेली असती.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली, घड्याळ आणि छापील फॉर्म पिशवीत घातले आणि एसटीत बसलो.

खाडीच्या तोंडावर एका खडकावर आमचा मुक्काम. तिने एक मादी हेरली होती. जाळ्यात अडकल्याचा पांढरा व्रण तिच्या कुशीवर होता. दुर्बिणीला डोळा लावून बहीण ओरडायची, "वर!" मी घड्याळ दाबायचो. आमच्या घड्याळात मिनिटाचे शंभर भाग, त्यामुळे बहीण आधी वैतागली. पण चौथ्या दिवशी तीही शतांशात बोलायला लागली. उन्हाने माझं नाक सोलून निघालं. तरी सांगतो, उभ्या जन्मात इतकी मजेची ड्यूटी मी केली नाही. एक तर जिला मोजत होतो ती मला शिव्या देत नव्हती.

परत आल्यावर पिंपळे गुरवच्या खोलीत बसून सुवाच्य अक्षरात तक्ता केला, सरासरी काढली. रविवारी बहीण आली. तक्ता बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"दादा, लांब बुड्या कुठायत?"

"कुठल्या?"

"अरे, होडी आली की ती वरच यायची नाही. वाट बघून माझे डोळे दुखायचे."

"त्या होय! त्या रद्द केल्या. सगळी सरासरी बिघडवत होत्या."

आमच्या धंद्यात तसंच करतात. माणूस मध्येच पाणी प्यायला गेला, तंबाखू मळत बसला, तर त्या आकड्याला गोल करायचा आणि तो हिशेबात घ्यायचा नाही. मी सवयीने तेच केलं होतं.

"अरे, मला त्याच हव्या होत्या!" म्हणाली आणि ती रडायलाच लागली.

मी ताडकन उठलो. खडकावर लिहिलेले मूळ कागद शोधायला लागलो, तर आमच्या मंडळींनी ते मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेले! तिघांनी मिळून फडताळ उपसलं. हळदीचे डाग पडले होते, पण अक्षर शाबूत होतं. टाइम स्टडीत रद्द केलेला आकडाही खोडायचा नसतो, आणि समोर कारण लिहावंच लागतं. बहीण जमिनीवर कागद पसरून वाचत सुटली. "होडी आली. होडी आली. दोन होड्या. होडी आली." प्रत्येक गोलात एक लांब बुडी होती. मिरचीच्या डब्याखालचा कागद छातीशी धरून ती हसत होती. तिचा विषय वाचला. पुढे प्रबंध त्याच गोलांवर उभा राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी पाळी फाउंड्रीत होती. साचे भरणारा एक वयस्क माणूस दर पाच-सहा साच्यांनंतर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. माझी पेन्सिल आपोआप गोल काढायला गेली. मी हात आवरला. इतकी वर्षं असे किती गोल काढले असतील, या विचाराने मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला. "हा आकडा एवढा फुगला कसा?"

"साहेब," मी म्हटलं, "माणूस श्वास घ्यायला थांबतो. तेही मोजलंय."