ताटाचा आवाज

कुरखेड्याला आम्हा अंगणवाडीच्या बायांना शिकवायला येणाऱ्या बाई फार तापट होत्या. रडणारं लेकरू कोणी घाईनं उचललं की ओरडायच्या, "थांब नं! ते काऊन रडून राह्यलं, आधी पाह्य तं!"

एकदा अंगणवाडीतच ट्रेनिंग चालू असताना तपासणीला आलेले साहेब दीड वर्षाच्या, हाकेला न वळणाऱ्या एका पोरीकडे बघून म्हणाले, "मंद आहे. वजन घ्या, पुढे चला."

बाईंनी तिच्या पाठीमागे ताट वाजवलं. बाकीची लेकरं दचकली, ती मात्र खेळतच राहिली.

"मंद नाई साहेब, तिले आयकू येत नाई!" बाई कडाडल्या. त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला म्हणाल्या, "चाल, गडचिरोलीच्या दवाखान्यात."

"आणि ट्रेनिंग?" साहेब ओरडले.

आम्ही सगळ्या बाईंच्या मागे स्टँडकडे निघालो.