हापशाचा अर्ज

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. वय तेवीस. त्या वयात माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि तो मास्तर असला की ते ऐकून घेणारी माणसंही मिळतात. संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यावर बसून मी आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक स्टोव्ह. चहा गुळाचा, तोही कोरा. पण चर्चा काय विचारता! दिल्लीनं कसं वागावं, बांगलादेशाचं पुढं काय करावं, चंद्रावर माणसं खरंच गेली की कुठल्या माळावर फोटो काढून आली, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं तासभर देश चालवायची आणि मग घरी जाऊन रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकी ज्वारीची, लाल मिलोची भाकरी खायची.

थंडीत गावात बोअरिंगची गाडी आली. दोन दिवस जमीन हादरत होती. एक म्हातारे म्हणाले, "धरनीच्या पोटाला भोक पाडलं, आता इहिरीचं पानी बी तिकडंच वढलं जानार." मी त्यांना भूगर्भावर व्याख्यान दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आसंल बाबा." हापसा बसला, बायकांनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला. तालुक्याहून आलेल्या ओव्हरसियरनं बजावलं, "ही सरकारी मालमत्ता आहे. कुणी खोलायची नाही. बिघडलं तर आम्हाला कळवायचं." मला ते फार पटलं. मी एका पत्र्यावर तांबड्या रंगात सुरेख अक्षरात तेच लिहून हापशाला तारेनं बांधलं. सरकारचा पगार खात होतो, त्यामुळे सरकार म्हणजे आपणच असं वाटायचं.

त्या गावात एक जुनी रीत होती. दर चैत्रात घरटी एक माणूस यायचा आणि सगळे मिळून गावविहिरीचा गाळ काढायचे. आतल्या बांधकामाचे सुटलेले दगड तेव्हाच बसवले जायचे. ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याला बोलणी बसायची. त्या चैत्रात कुणीच आलं नाही आणि कुणाला बोलणीही बसली नाहीत. "हापसा आसताना इहिरीत कोन उतरतंय?" हे हॉटेलात ठरलं. मीही मान डोलावली, वर म्हणालो की आता पाण्याची जबाबदारी सरकारनं घेतली आहे, ही नव्या काळाची खूण आहे.

वैशाखात हापसा बंद पडला. दांडा नुसताच वरखाली व्हायचा, पाणी नाही.

गावात एक मिस्त्री होता. नगरला नागापूरकडं नवे कारखाने निघत होते, तिथल्या एका वर्कशॉपात त्यानं काही वर्षं काम केलं होतं. मितभाषी गडी. हॉटेलात बसायचा पण मत द्यायचा नाही, म्हणून त्याला कुणी विचारायचंही नाही. त्यानं दांडा दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाला, "आतली पिन तुटलीय. खोलून बघतो."

गावानं त्याला अडवलं. सरकारी वस्तू आहे, केस होईल, सगळ्या गावाला साक्षीला ओढतील. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पत्र्यावरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं. "रीतसर अर्ज करू," मी म्हणालो.

अर्ज मीच लिहिला. आजही पाठ आहे, इतका चांगला होता. अडलं ते सह्यांवर. सरपंच खालच्या आळीचे, माजी सरपंच वरच्या आळीचे, आणि गेल्या निवडणुकीपासून दोघांचं उभं वैर. पहिली सही कुणाची? पहिला अर्ज फाटला. दुसऱ्याच्या वेळी मी डोकं लढवलं. शाळेतल्या कंपासानं कागदावर वर्तुळ काढलं आणि सांगितलं, सह्या गोलात करा, वर्तुळाला पहिलं टोक नसतं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. माजी सरपंचांनी कागद हातात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "गोलाला न्हाई, पर कागदाला वरली बाजू हायेच की गुरुजी." वरच्या बाजूला कोण, यावर आणखी चार दिवस गेले. बायकांच्या सह्या घ्याव्यात असं कुणाच्या मनातही आलं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर कुणी विचारायलाच गेलं नाही. मीही नाही.

तोवर बायका पुन्हा गावविहिरीत उतरू लागल्या होत्या. तळाला एक झरा होता. तिथं वाकून वाटीवाटीनं घागर भरायची. एका घागरीला अर्धा तास लागायचा.

एका दुपारी मिस्त्रीची बायको शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. माझ्या पुणेरी बोलण्याला पदराआड हसायची, तोंडावर गंभीर राहायची. त्या दिवशी हसली नाही.

"गुरुजी, त्यास्नी तुमी नुसतं व्हय म्हना. तुमी म्हनला तर हात घालत्याल. त्ये तुमचं लई मानत्यात."

"वहिनी, अर्ज तयार आहे. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे."

"मी रोज उतरते खाली. दगडं हालत्यात. काल एक माज्या पायापाशी पडला."

यावर मी जे बोललो ते पन्नास वर्षांत एक दिवसही विसरलो नाही. मी म्हणालो, "प्रत्येकानं कायदा हातात घ्यायचं ठरवलं, तर देशाचं काय होईल?"

"देशाचं मला न्हाई कळत गुरुजी," ती म्हणाली, "पानी कवा यील तेवडं सांगा." मी वर्गात परतलो आणि पोरांना पाढे म्हणायला लावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या आतल्या बांधकामाची एक बाजू खाली आली. मिस्त्रीच्या बायकोबरोबर उतरलेल्या दोघी वर पायऱ्यांवर होत्या, त्या वाचल्या. ती झऱ्यापाशी वाकलेली होती. दगड उपसून तिला वर काढायला दुपार झाली. दगड उपसायला मात्र घरटी एक माणूस आला होता, दोन्ही आळ्यांचा.

पोलीसपाटलानं लिहायचं ते लिहून घेतलं. तिला ओट्यावर ठेवलं. अंगभर माती, केसांत माती. शेवटची आंघोळ घालायची तर पाणी नाही. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, घरटी तांब्या तांब्या गोळा करू. मिस्त्री तोवर भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, आत गेला, पाने आणि हातोडी घेऊन बाहेर आला आणि सरळ हापशाकडं चालू लागला. कुणी अडवलं नाही. मीही मागोमाग गेलो.

त्यानं तार तोडून माझा पत्रा बाजूला ठेवला. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. झाकण खोललं. आत बोटाएवढी पिन दोन तुकडे होऊन पडली होती. त्यानं आतला गज वर ओढून घेतला आणि पिनेच्या जागी एक बोल्ट घातला. अर्धा तास लागला असेल. मग दांडा मारत राहिला. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. हंडा भरून खांद्यावर घेतला आणि कुणाकडंही न बघता तो घराकडं गेला.

"म्या पयल्यापास्नं म्हनत हुतो, बारीक काम हाय," सरपंच म्हणाले. माजी सरपंचांनी मान डोलावली. वर्षभरात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मिस्त्री कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत सगळे थांबले. मग बायकांनी घागरी आणल्या. ना भांडण, ना गलका, दोन्ही आळ्यांची एकच रांग लागली. तिकडं तिला अजून आंघोळ घालायची होती. दोन दिवस माझ्या खोलीत पाण्याचा थेंब नव्हता. मी जाऊन बादली घेऊन आलो आणि रांगेत उभा राहिलो.