बैलांसोबतचा नारळ

भाताच्या पेंढ्याचा वास आला की आहुपे गावातलं ते अंगण आठवतं. तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींनी घडवलेली मातीची बैलजोडी मला दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवायची होती. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. ही शेवटचीच जोडी, असं त्याच म्हणाल्या होत्या. शिंगांना कापूस, पायांमध्ये कापडाच्या घड्या, भोवती कोरडा पेंढा. पॅकिंगच्या यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण करून मी चिकटपट्टी आणायला गाडीकडे गेले आणि परत येऊन खोकं बंद केलं. आठवड्यानं दिल्लीहून फोटो आला. खोक्यात मातीचे तुकडे होते आणि त्यांत एक अख्खा नारळ. तो कुठून आला, या विचारात असतानाच मावशींचा फोन आला. “नारळ घावला का त्यास्नी? बैलं पयल्यांदाच शिवंभाईर निघाली व्हती, नारळाबिगर कशी धाडू? तू लई कडक बाई, म्हून तुझी पाठ फिरल्यावर पेंढ्यात दडवून ठिवला.” त्या हसत होत्या. “घावला,” मी म्हणाले, “बैलही पोचले.” आता त्यांना अजिबात दिसत नाही. भेटले की “माझी बैलं कवा येनार?” एवढंच विचारतात. दुसरी जोडी नेऊन देता येईल, पण मावशी आधी तिच्यावर हात फिरवून बघतील.