तेवीस-चौदा

माणकोलीच्या पुढे गाडीचा मागचा टायर फुटला तेव्हा स्टिअरिंगवर माझे मेहुणे होते. पण तो टायर भरवशाचा नाही, हे मला दोन महिने आधीच सांगण्यात आलं होतं. ही दोन वाक्यं मी आजवर एकत्र कधी बोललेलो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही.

आमची गाडी चालायची कमी, उभी जास्त. वडील होते तोवर त्यांच्या तपासण्यांसाठी निघायची. ते गेल्यावर नौपाड्यात तिचं काम उरलं नाही. स्टेशन, बाजार, दवाखाना, सगळं चालण्याच्या अंतरावर. रविवारी कव्हर काढायचं, इंजिन चालू करायचं, दहा फूट पुढे, दहा फूट मागे. दसऱ्याला धुऊन, टायरला काळं पॉलिश मारून झेंडूचा हार. बायको म्हणायची, "देव्हाऱ्यातच ठेवा ना तिला!"

हवा भरायला एकदा माजिवड्याला गेलो. टायरवाला खाली बसला, मोबाईलचा उजेड मारला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा." टायरच्या बाजूला, रिमच्या जवळ, बारीक भेगा होत्या, उन्हाने तडकलेल्या शेतासारख्या. मग त्याने रबरावरचे चार आकडे बोटाने पुसले. २३१४.

"पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. दहा वर्षं झाली. चारही बदला. स्टेपनी पण."

"अहो, खाचा बघा की. झिजून गुळगुळीत गोटा कुठे झालाय?"

"चालून गोटा होतो साहेब. उभा राहून आतून सुकतो. हायवेला नेऊ नका."

माझा विश्वास बसला नाही. पूर्वी एकाने एका खिळ्याचे चार पंक्चर करून दाखवले होते, तेव्हापासून टायरच्या दुकानात मी डोळे बारीक करूनच उभा राहतो. मी त्याच्याकडे बघत राहिलो, भेगांकडे नाही. घरी येऊन खाचेत नख घालून पाहिलं. अर्धं नख आत गेलं. लबाड माणूस, असं ठरवून टाकलं.

तरी पुढच्या रविवारी कव्हर काढल्यावर नजर तिथेच गेली. पॉलिशची बाटली आणली आणि भेगा बुजेपर्यंत चोळलं. दसरा लांब होता.

मग कल्याणहून मेहुणे आले. धाकट्या बहिणीचा नवरा. सावकाश बोलणारा, रस्ता ओलांडतानाही दोनदा मागे बघणारा माणूस. आईला चार दिवस त्यांच्याकडे न्यायचं होतं. तिला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून आमची गाडी. किल्ली हातात घेऊन ते गाडीभोवती फिरले.

"दादा, टायर ठीक आहेत ना? बरेच दिवस उभी आहे म्हणून विचारतो."

"खाचा बघा भावोजी. नव्यासारखे आहेत."

एवढंच बोललो. खोटं एकही अक्षर नव्हतं, असं नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं.

तासाभरात बहिणीचा फोन आला. टायर फुटला, गाडी दुभाजकाला घासली, आईचं मनगट मोडलं. मी पोहोचलो तेव्हा हॉस्पिटलात बहीण नवऱ्याला फैलावर घेत होती. "आई मागे बसलीय, एवढंही भान नको?" ते म्हणाले, "अगं, साठच्या वर नव्हतो." पट्टी बांधलेली आई म्हणाली, "हळूच चालवत होते गं ते." कोणी ऐकलं नाही. जावयाला पाठीशी घालतेय, असं सगळ्यांनी धरलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी विचारलं, "भावोजी, जरा घाई झाली का?"

त्यांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली. त्या बघण्यात काय होतं, हे मी तेव्हापासून शोधतोय.

टायर मी त्याच आठवड्यात बदलले, पाचही. माजिवड्याच्या त्याच माणसाकडे. दुसरीकडे गेलो असतो तर तिथल्याने विचारलं असतं, कसा फुटला. याने विचारलं नाही. जुने टायर बाजूला लोटताना फक्त एकदा आकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, मुद्दाम.

त्यानंतर भावोजींनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कुठे जायचं झालं की बहीण सर्वांसमोर म्हणते, "यांच्या हातात गाडी नको गं बाई." सगळे हसतात. तेही हसतात. मी पाणी प्यायला आत जातो.

यंदाच्या दसऱ्याला ते आले होते. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. आकडे वाचत होते? नवे टायर आहेत हे कळलं? की आधीच, त्या दुपारी रस्त्याच्या कडेला फुटलेल्या चाकाशेजारी बसल्या बसल्या त्यांनी २३१४ वाचलं होतं आणि मी कधी बोलतो याची वाट बघत गप्प आहेत? उठून हात झटकत ते म्हणाले, "घ्या दादा, पुढे घ्या."

मी गाडी दहा फूट पुढे घेतली.

आईचं मनगट जुळलं. पदर खोचताना अजून अडतं. मला कल्याणला जाऊन बहिणीसमोर, आईसमोर सांगायचं आहे की भावोजी हळूच चालवत होते, टायर जुना होता, मला ते माहीत होतं आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी लपवलं. एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.