मीटरवर न चढलेली वीज

माझा मामा पंख्यांच्या कारखान्यात मीटर वाचायचा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला तो मीटरघरात जाई, चष्मा पुसे, आकडा दोनदा मोठ्याने म्हणे आणि मगच वहीत लिही. बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. लोक त्याला चेष्टेने युनिटराव म्हणत. त्याला ती पदवी वाटे.

आमचे पंखे म्हणे वीज वाचवणारे. सगळे परदेशी जायचे, कारण ते फिरवायला गावात वीज होती कुठे? अर्धा दिवस ती गायब. तेवढा वेळ कारखाना जनरेटरवर चाले. बंदरात एका धक्क्यावर परदेशी डिझेल उतरायचं, दुसऱ्यावर आमचे पंखे चढायचे. झाला व्यापार!

एकदा तिकडच्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवला: एक पंखा बनवायला वीज किती लागते? मामाने मीटरचा आकडा भागून लिहिला. जनरेटरचा हिशेब डिझेलच्या वहीत, ती वही स्टोअरकीपरकडे. मामाच्या लेखी मीटरवर चढते तीच वीज. गिऱ्हाईक थक्क! इतक्या काटकसरीने जगात कोणीच पंखे बनवत नाही म्हणे. ऑर्डर दुप्पट झाली. पॅकिंगला नव्या बायका घेतल्या, त्यांत माझी आई. डिझेलही दुप्पट यायला लागलं.

मग तिकडच्या एक बाई खास कौतुक करायला आल्या. मामा त्यांना मीटर दाखवत असतानाच वीज गेली आणि पलीकडे जनरेटर धडधडू लागला.

"हे काय?" बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं.

मालकांनी मामाकडे डोळे वटारले.

"डिझेल," मामा म्हणाला. "निम्मं काम त्याच्यावरच चालतं. तुमच्या फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं."

"मग आता विचारते. डिझेलही धरून सांगाल?"

मामाने डिझेलची वही मागवली आणि बेरीज करून दिली. आकडा दुप्पट झाला.

"दादा, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं रे?" त्या रात्री घरी आई रडत म्हणाली.

"अगं, विचारल्यावर चुकीचा आकडा कसा सांगू?"

मला त्याचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

ऑर्डर दुसऱ्या देशात गेली, महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागलं. तेवढा भार उतरल्यावर गावाची वीज जायची थांबली. लोक मामाला रस्त्यात गाठून पाठ थोपटतात, "युनिटराव, तुमच्या कृपेने लाइट जात नाही हो आता!"

मामा हसतो आणि हळूच विचारतो, "तुमच्याकडे काही काम निघेल का? माझं राहू द्या, बहिणीसाठी."