वटवट्यांची वही

रत्नागिरीत आम्ही चौघं पक्षी बघत फिरतो. बाकीचे पक्षी दिसतात, ओळखू येतात, विषय संपतो. किस्से साठतात ते वटवट्यांचे. हे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे, चिमणीपेक्षा लहान पाहुणे. सगळे हिरवट नाहीतर मातकट, सगळे पानांआड, आणि एक मिनिट स्थिर बसतील तर शपथ. दोन जातींत फरक किती, तर पंखावरची एक फिकट रेघ.

म्हणून खरी ओळख आवाजावरून. आमचे मुकादम सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वहीत प्रत्येक जात मोसमात पहिल्यांदा आली ती तारीख असते आणि पुढे दोन रकाने, 'पाहिला' आणि 'ऐकला'. 'ऐकला'समोर सही नसेल तर नोंद धरत नाहीत. आजवर त्या रकान्यात फक्त सरांची सही आहे. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आता तुम्हाला येणार नाहीत. सर म्हणाले, "म्हणजे वही संपली." आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

*

सुदेशचं हातखंब्याला गॅरेज आहे. गॅरेजमागच्या जांभळीवर त्याला एक वटवट्या दिसला. त्याने गिऱ्हाईक थांबवून ठेवून साठेक फोटो काढले आणि त्यातला बरा फोटो एका मोठ्या ग्रुपवर टाकला.

तासाभरात तीन जाणकारांनी चार नावं सुचवली. भांडण पेटलं. एकाने दुसऱ्याचं शिक्षण काढलं, दुसरा ग्रुप सोडून गेला. संध्याकाळी एका बाईंनी शांतपणे लिहिलं, "फोटोत पक्षी नाही. ते वाळकं पान आहे."

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

*

डॉक्टर नीलम दातांच्या. पायांच्या रंगावरूनही काही जाती ओळखता येतात असं कुठेतरी वाचून एका रविवारी त्या दवाखान्यातलं शेडकार्ड घेऊन आल्या. कवळीचा रंग जुळवायला वापरतात ती खोट्या दातांची माळ. एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात दात, अशा त्या करवंदीच्या जाळीसमोर अर्धा तास उभ्या होत्या.

शेवटी म्हणाल्या, "जात नाही सांगता येत. पण चहा फार पितो."

*

सरांनी नवीन श्रवणयंत्र घेतलं, त्या सकाळचा हा किस्सा. भगवतीच्या किल्ल्याच्या वाटेवर आम्हाला एकदम स्पष्ट "सीऽऽ" ऐकू आलं. अगदी जवळून, अगदी बारीक.

नीलमताईंनी दुर्बीण वर नेली. मी म्हणालो, "पर्णवटवट्या. शंभर टक्के." ताई म्हणाल्या, "वरच्या फांदीवर." सर पुढे सरकले की पक्षी पुढे सरके, सर थांबले की तोही थांबे. आम्ही खूश, इतका सलगीचा वटवट्या पाहिला नव्हता.

सुदेश रोज इंजिनांचे आवाज ऐकणारा माणूस. त्याने सरांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, ह्यो तुमच्या कानातनं येतोय."

यंत्र सैल बसलं होतं, तेच शिटी मारत होतं. सरांनी ते काढून खिशात ठेवलं. गाडीत बसताना सर म्हणाले, "माझे कान गेले, आणि तुमचे अजून आलेच नाहीत. सही कोण करणार?"

मला फार वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच.

*

पुढच्या रविवारी सरांनी आम्हाला घरी बोलावलं. दुर्बीण सुदेशला द्यायची होती आणि वही बांधून माळ्यावर टाकायची होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागच्या पायरीवर कोळंबी सोलत होत्या. काकूंचं आमच्या छंदाबद्दलचं मत जाहीर आहे: "माझ्या लेखी सगळ्या चिमण्याच."

तेवढ्यात परसातल्या हापूसच्या कलमावर काहीतरी हिरवट हललं. सरांनी सुदेशच्या गळ्यातली दुर्बीण परत काढून घेतली. बराच वेळ बघत राहिले.

"हरित वटवट्या वाटतोय. आजची तारीख घालतो," ते म्हणाले आणि 'पाहिला'समोर लिहिलंही. मग पेन धरून आमच्याकडे बघितलं. "आवाज?"

आवाज आम्हा तिघांनाही येत होता. पण श्रवणयंत्राची सकाळ ताजी होती. नीलमताई कलमाकडे बघत राहिल्या, मी चपलेकडे.

"हरितच आहे तो," काकू मान वर न करता म्हणाल्या. "दोन तुकड्यांत बोलतो, चिस्-वी, चिस्-वी. विहिरीकडल्या झुडपात चक् चक् करतो तो बोरू वटवट्या, तो वेगळा. दोघांनी मेल्यांनी आल्यापासून डोकं उठवलंनीय."

सरांनी दुर्बीण खाली घेतली. "तुला कधीपासून ओळखू येतात?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

सर वही उघडी तशीच घेऊन पायरीवर काकूंच्या शेजारी बसले आणि 'ऐकला'च्या रकान्यावर बोट ठेवून पेन पुढे केलं.

काकूंनी ओले हात पदराला पुसले, सरांनी घातलेली आजची तारीख खोडली, पाच दिवस आधीची घातली, आणि मग सही केली.