काशीबाईंची आक्का

काशीबाई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला बसल्या की पाठ भिंतीला टेकून बसत. पलीकडे लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेले होते. पण कुठला लूम थांबला, हे त्या पाठीने ओळखत. "तीन नंबर बसला," म्हणत, आणि खरंच लूम दुरुस्त करणारा जॉबर तिकडे धावताना दिसे.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत विज्ञानाची शिक्षिका म्हणून आले आणि धामणकर नाक्याजवळच्या चाळीत त्यांच्या शेजारी राहू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचा कोपरा दाखवला. गोणपाटाच्या घडीवर तेलाचा कापलेला डबा, त्यात माती, वर जाळी. मातीत अंगठा जाईल एवढं बीळ, तोंडाशी जाळ्याचं पांढरं अस्तर. त्यांनी सुताचं टोक त्यावर हलकेच फिरवलं आणि आतून भला मोठा केसाळ कोळी वर आला. मी किंचाळले.

"ही आक्का. खारबावला शेताच्या बांधावर भाऊ फावड्यानं मारीत होता, मी आनली. हिला बी कान न्हाय, बाई. पायांनी आयकते. म्हनून खाली गोनपाट. लूमची धडधड लागाया नको."

घरात त्यांना दुसरं कोणी नव्हतं. मी मात्र तिथे रोज वही घेऊन जाऊ लागले. एक दिवस आक्काने बिळाचं तोंड माती आणि जाळं लावून बंद केलं. पंधरा दिवस झाले, टाकलेलं झुरळ घ्यायलाही ती वर येईना. मेली असणार, मी खुणेने सांगितलं.

"तिनं दार लावलंय. आपन ठोठवायचं न्हाय."

मी बी.एस्सी. झालेली, मला धीर कुठला! त्या नळावर गेल्या तेव्हा मी चमच्याने माती उकरली. आक्का नुकतीच कात टाकून पडली होती, पांढुरकी आणि लोण्यासारखी मऊ. चमचा लागला आणि तिचा एक पाय तुटून आला.

काशीबाई हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माती हलक्या हाताने सारखी केली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. त्यानंतर कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. आक्का जगली, हे मला चाळीतल्या बायकांकडून कळलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते, तरी चूक झाली एवढं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती.

वर्षभराने त्यांनीच हाक मारली. आक्काने पुन्हा कात टाकली होती. तुटल्या जागी नवा पाय आला होता, बारका, फिकट.

"तिनं तिचं भरून काढलं. तुमचं काय?"

मला रडू आलं. "चुकलं माझं, काशीबाई," मी म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तोंडानं बोलून आमाला दोघींना काय कळंल? हात टेका."

मी जाळी सारून मातीवर तळवा ठेवला. आक्का बिळात सरकली, ते माझ्या तळव्याला कळलं. काशीबाईंनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.